न वाचलेले सेक्टर

माझ्या लॅपटॉपवर डावा तळहात टेकवला की खालून एक बारीक थरथर जाणवायची. सात वर्षं ती तशीच होती, त्यामुळे घरातल्या एखाद्या दाराची कुरकुर ऐकू येईनाशी होते तशी मला ती कळेनाशी झाली होती. ती थरथर हार्ड डिस्कची. आत एक तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला ९० वेळा फिरत होती आणि माझं सगळं लिखाण, फोटो, ध्वनिमुद्रणं त्या तबकडीवर होती.

मागच्या महिन्यात मी ती डिस्क काढली. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणारी डिस्क, बसवली आणि डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या खणात १ टीबीची नवी हार्ड डिस्क घातली. हे काम एका दुपारचं. मला नऊ दिवस लागले, आणि त्यातले फार थोडे तास स्क्रू काढण्या-लावण्यात गेले.

बदलायचं कारण साधं होतं. लॅपटॉप फार मंद झाला होता. बटण दाबून खोली आवरून आलं तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणं चालूच असायचं. मेमरी आधीच वाढवून झाली होती, प्रोसेसर निवांत बसलेला दिसायचा, पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा रकाना कायम १०० टक्क्यांवर. त्या शंभर टक्क्यांचा अर्थ मी बरीच वर्षं चुकीचा लावला होता. मला वाटायचं, डिस्क प्रचंड काम करते आहे. खरं तर तिचा बराचसा वेळ पोचण्यात आणि वाट बघण्यात जातो. सेकंदाला ९० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवा असलेला मजकूर हेडच्या, म्हणजे तबकडीवरचं वाचणाऱ्या टोकाच्या, खाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेडला योग्य वर्तुळावर सरकायला साधारण १२ मिलिसेकंद. दोन्ही मिळून साडेसतरा. म्हणजे विखुरलेल्या बारीकसारीक गोष्टी मागितल्या तर सेकंदाला पन्नास-साठ मागण्या पुऱ्या होतात, त्याहून जास्त नाहीत. आणि लॅपटॉप चालू होताना हजारो बारीक फायली मागितल्या जातात. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काही नाही. तिथं हीच एक मागणी मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास पुरी होते. जुन्या लॅपटॉपला एसएसडी लावल्यावर तो नव्यासारखा वाटतो, तो या एका फरकामुळे. ज्यांचा लॅपटॉप अजून हार्ड डिस्कवर चालू होतो त्यांना मी तर सांगेन, नवा घेण्याआधी हे करून बघा.

हे लिहिताना त्या जुन्या यंत्राबद्दल माझ्या मनात कमीपणा अजिबात नाही. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क विकायला काढली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावायची. ती कपाटाएवढी होती. माझी तळहातावर मावणारी डिस्क ५०० जीबीची. तिच्यातलं हेड तबकडीला टेकत नाही. तबकडीच्या फिरण्याने जो वारा तयार होतो त्यावर ते काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या मापाने हजारो पट जाड. इतक्या बारीक खुणा वाचणारी हेड ज्या शोधामुळे बनवता आली, त्यासाठी आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबर्ग यांना २००७ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तळहाताखालच्या थरथरीत एवढं सगळं होतं.

नवी एसएसडी घरी आली त्या दिवशी माझा बेत सरळ होता. जुन्या डिस्कचं क्लोन करायचं, म्हणजे जसंच्या तसं सगळं नव्यावर उतरवायचं, डिस्क बदलायची, काम संपलं. क्लोन सुरू केलं. ६१ टक्क्यांवर थांबलं. डिस्क वाचता येत नाही एवढाच संदेश. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच. तेव्हा मी पहिल्यांदा त्या डिस्कची नोंदवही उघडली.

अशी नोंदवही प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात, आणि ती दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. डिस्कवरचा मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत साठवलेला असतो. नोंदवहीतल्या दोन ओळी आधी बघाव्यात. ५ क्रमांकाच्या ओळीत किती खराब सेक्टर बाद करून राखीव जागेतले वापरायला घेतले ते असतं. १९७ क्रमांकाच्या ओळीत असतात वाचता न आलेले, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही असे सेक्टर. माझ्या डिस्कवर पहिल्या ओळीत शून्य होतं, दुसरीत ८. या डिस्कचा खरा सेक्टर ४,०९६ बाइटचा, पण बाहेर ती त्याला ५१२ बाइटच्या आठ तुकड्यांत मोजून दाखवते. म्हणजे आठ तुकडे, सेक्टर एकच. मी जरा निर्धास्त झाले. ५०० जीबीत ४ केबी.

डिस्क अशी अडखळायला लागली की हात शिवशिवतात ते दुरुस्तीकडे. विंडोजमधली डिस्क तपासणी चालवावी असं मलाही वाटलं. ते करू नये. दुरुस्तीची साधनं त्याच डिस्कवर लिहितात, आणि आजारी डिस्कवर आधी काही लिहायचं नसतं, तिच्यावरचं उतरवून घ्यायचं असतं. मी विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली, म्हणजे जुन्या डिस्कला दुसरं काही काम उरलं नाही. नवी १ टीबीची डिस्क यूएसबीने बाहेर जोडली आणि डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम लावला. हा प्रोग्रॅम ज्याने रचला त्याला आजारी माणसाशी कसं वागायचं ते ठाऊक असावं. आधी तो जे सहज वाचता येतं ते सगळं वाचून घेतो. अडलं की तिथं खुणेची नोंद करून पुढे सरकतो, हट्ट करत नाही. सगळं सोपं उतरवून झालं की मग त्या खुणांकडे परत येतो आणि कडेकडेने, थोडं थोडं मागतो. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याचा नकाशा तो शेजारच्या एका फायलीत ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुढून सुरू करता येतं.

पहिले दोन तास भराभर गेले. सुरुवातीला वेग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास होता, मग हळूहळू उतरत निम्म्यावर आला. हा बिघाड नाही. डिस्कचा मजकूर तबकडीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होतो. तिथलं वर्तुळ मोठं, एका फेरीत जास्त मजकूर हाताशी लागतो. आतल्या वर्तुळांवर तेवढ्याच वेळात कमी. दोन तासांत जवळजवळ सगळी डिस्क उतरली होती. उरलेल्या काही केबींना सबंध रात्र लागली. अडलेल्या जागी डिस्कचा आवाज बदलायचा. एरवीची एकसुरी घरघर तुटायची आणि टक्… टक्… असा, हेड मागे जाऊन पुन्हा येण्याचा आवाज. एकच जागा ती पुन्हा पुन्हा वाचून बघायची. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते, पण दोन पानांच्या पुढे गेले नाही.

सकाळी नकाशात शेवटचा आकडा होता: ३६,८६४ बाइट वाचता आले नाहीत. नऊ सेक्टर. मी पुन्हा नोंदवही उघडली. १९७ क्रमांकाच्या ओळीत आदल्या दिवशी ८ होते, आता ९६. म्हणजे बारा सेक्टर अडले होते, त्यातले तीन रात्रभराच्या प्रयत्नांत हाती लागले, नऊ राहिले.

पहिली भीती अशी की, रात्रभर वाचून मीच डिस्क बिघडवली. डिस्कला ताण पडला हे खरं, तशी जोखीम असतेच. पण एकाच्या बारा होण्याचं जास्त पटणारं कारण वेगळं आहे, आणि ते कळलं तेव्हापासून मी त्याच्याबद्दल विचार करते आहे. प्रत्येक सेक्टरबरोबर चूक दुरुस्त करणारी काही जास्तीची अक्षरं साठवलेली असतात. खुणा थोड्या पुसट झाल्या तर डिस्क त्यांच्या आधारे मूळ मजकूर जुळवून देते आणि आपल्याला काही कळत नाही. पुसटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की जुळवता येत नाही. पण सेक्टर त्या मर्यादेपलीकडे गेला आहे हे डिस्कला कळतं ते कुणीतरी तो मागितल्यावरच. मी रोज जे लिहिते, ते रोज नव्याने साठवलं जातं, त्यामुळे ते ठणठणीत होतं. ज्या जागांकडे पाच-सहा वर्षांत फिरकले नव्हते, तिथले अकरा सेक्टर कधीचे गेले होते कोण जाणे. नोंदवहीत ते नव्हते, कारण मी विचारलंच नव्हतं. त्या रात्री मी पहिल्यांदा माझी डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचली. वाचलं ते वाचलं.

आता ते नऊ सेक्टर कुठल्या फायलींचे हे शोधायचं होतं. नकाशातल्या जागा फाइल सिस्टिमशी, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे या नोंदीशी, ताडून बघता येतात. त्यात माझे दोन दिवस गेले. एक सेक्टर रिकाम्या जागेत निघाला. एक, कधीच काढून टाकायला हवा होता अशा एका प्रोग्रॅमच्या फायलीत. उरलेले सात तीन फायलींत होते.

पहिली फाइल झिप होती, जुन्या पत्रांची स्कॅन केलेली एकेचाळीस पानं. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे दाबून ठेवलेली असते, म्हणून चाळीस पानं धड बाहेर आली. एक गेलं.

दुसरा होता एक फोटो. जेपेगमध्ये चित्र वरून खाली एका सलग ओळीत गुंडाळलेलं असतं आणि पुढचा भाग उलगडायला मागचा लागतो. मधले ४ केबी गेले तर त्याखालचं सगळं विसकटतं. आईबाबा जिन्याच्या पायऱ्यांवर बसलेत, दोघांचे चेहरे स्वच्छ आहेत, बाबांच्या खांद्यापासून खाली सपाट करडा रंग. आईच्या हातात काय होतं ते मला आठवत नाही. काहीतरी होतं, कारण ती खाली हाताकडेच बघते आहे.

तिसरी फाइल आत्याची.

सहा वर्षांपूर्वी मी आत्याला तिच्या लहानपणाबद्दल बोलतं केलं होतं. अकरा दुपारी, अकरा फायली. एकेक तासभराची. मोठ्या उत्साहाने केलं, फोल्डरला नीट नाव दिलं, आणि पुन्हा एकदाही ऐकलं नाही. सवडीने शब्दांकन करायचं होतं. ती सवड आली नाही, आणि डिस्कवर आहे म्हणजे आहेच, असं धरून चालले होते. चौथ्या फायलीत पाच सेक्टर गेले होते, सलग.

दाबून लहान न केलेल्या ध्वनिमुद्रणात एक सेक्टर म्हणजे किती याचा हिशोब करता येतो. माझं मुद्रण एका सेकंदाला ८८,२०० बाइट घेत होतं. ४,०९६ बाइट म्हणजे सेकंदाचा साधारण एकविसावा भाग. पाच सेक्टर म्हणजे जेमतेम पाव सेकंद. तासाभरातला पाव सेकंद, काहीच नाही असं म्हणता येईल. मी हेडफोन लावून ती फाइल सुरू केली. आत्या शाळेचं सांगत होती. मागे पंख्याचा आवाज, मध्येच कुणीतरी भांडं ठेवलं त्याचा. २३ मिनिटं ४१ सेकंदांना ती म्हणते, “माझ्या शेजारी” आणि मग पूर्ण शांतता. नुसतं बोलणं थांबत नाही, पंखाही थांबतो, खोलीच नाहीशी होते. आणि लगेच, “बसायची, तिची दौत सांडली आणि मी गुरुजींना सांगितलं माझीच सांडली.”

पाव सेकंदात एक नाव मावतं.

त्या दिवशी मी क्लोनचा विचार सोडला. क्लोनमध्ये काही बघावं लागत नाही, हीच त्याची सोय, आणि सात वर्षांपूर्वी मी तेच केलं होतं. त्याआधीही. माझ्या डिस्कवर ‘जुना लॅपटॉप’ नावाचं फोल्डर होतं, त्याच्या आत ‘बॅकअप सगळा’, आणि त्याच्याही आत ‘डेस्कटॉपवरचं’. एका डिस्कवरून दुसरीवर, न उघडता, बोचकं जसंच्या तसं उचलून ठेवलेलं. या वेळी एसएसडीवर विंडोज नव्याने टाकलं आणि उतरवून घेतलेल्या प्रतीतून एकेक फोल्डर उघडून, बघून, मग नेलं. सगळ्या फायली उघडणं शक्य नव्हतं. फोटोंची लहान चित्रं नजरेखालून घातली, ध्वनिमुद्रणं मधून मधून ऐकली, लेख चाळले. पाच दिवस गेले. पुष्कळ काही काढून टाकलं, पण ते आता मी ठरवून टाकलं होतं.

लॅपटॉप उघडला तो आठव्या दिवशी. बॅटरी काढली, धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली, पालथा घातला. एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढून जो स्क्रू जिथला तिथं चिकटपट्टीने लावत गेले. हे सगळ्यांनी करावं, कारण स्क्रूंची लांबी सारखी नसते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरचं कव्हर फोडून बाहेर येतो. एक स्क्रू रबरी पायाखाली लपलेला होता. डीव्हीडी ड्राइव्ह एका स्क्रूवर निघाली. तिच्या जागी बसणारी, आत हार्ड डिस्क मावणारी चौकट म्हणजे कॅडी. ड्राइव्हच्या तोंडावरची पट्टी काढून कॅडीला लावली की बाहेरून फरक कळत नाही. कॅडीची जाडी मात्र आधी मोजायला हवी, १२.७ आणि ९.५ मिलिमीटर अशा दोन येतात.

हार्ड डिस्क धातूच्या चौकटीत चार स्क्रूंनी बसवलेली होती. कनेक्टर दोन, एक सात टाचण्यांचा मजकुरासाठी, एक पंधरा टाचण्यांचा विजेसाठी, दोन्ही एकाच रांगेत. वर न उचलता आडवं सरकवलं की सुटतं. ती हातात घेतली तेव्हा थोडी कोमट होती. वरच्या बाजूला एक टाचणीएवढं छिद्र आणि त्याशेजारी बारीक अक्षरांत सूचना, हे छिद्र झाकू नका. त्यातून डिस्क श्वास घेते. आतलं हेड हवेवर तरंगतं, त्यामुळे आत आणि बाहेर हवेचा दाब सारखा लागतो. छिद्राच्या आतल्या बाजूला धूळ अडवणारी गाळणी असते. सात वर्षं माझ्या हाताखाली ते छिद्र होतं.

तिच्या चौकटीत एसएसडी ठेवली. वजन जवळजवळ नाहीच. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाड, ही ७, म्हणून सोबत आलेली प्लास्टिकची कड लावली, नाहीतर ती खणात हलते आणि कनेक्टर सैल होतो. लॅपटॉप बंद करून बटण दाबलं. पंधरा सेकंदांत सुरू झाला. तळहात टेकवला, खाली काहीच नाही. मोठी फाइल उघडली की आता कॅडीतली डिस्क उजव्या बाजूला घुमते, पण ती दूर आहे.

फोटो आणि ध्वनिमुद्रणं त्या फिरणाऱ्या डिस्कवरच ठेवली आहेत, शिवाय घराबाहेर एक प्रत. एसएसडी वेगासाठी उत्तम, पण ती मजकूर विजेच्या भाराच्या रूपात धरून ठेवते, आणि वीज न मिळता कपाटात पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. शिवाय हार्ड डिस्कवर डिलीट केलं तरी मजकूर बराच काळ खाली तसाच असतो. एसएसडीत ट्रिममुळे, म्हणजे ही जागा आता नको आहे अशी सूचना तिला मिळत असल्यामुळे, ती जागा लवकरच खरोखर रिकामी होते. चुकून गेलेलं परत मिळण्याची आशा तिथं फार थोडी. पण फिरणारी डिस्कही विचारल्याशिवाय काही सांगत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मी कॅडीतली डिस्क पूर्ण वाचून घेते. रात्री लावते, सकाळी १९७ क्रमांकाची ओळ बघते.

नवव्या दिवशी संध्याकाळी आत्याला फोन लावला.

“आत्या, तुझ्या शाळेतल्या त्या गोष्टीत तुझ्या शेजारी कोण बसायचं?”

“कुठल्या गोष्टीत गं?”

“ती दौत सांडली, आणि तू गुरुजींना सांगितलंस माझीच सांडली.”

“ती होय. अगं, कुसुम.” मग जरा थांबून म्हणाली, “तुला कुणी सांगितलं हे?”

“तूच. सहा वर्षांपूर्वी. मी मुद्रण केलं होतं ना.”

“मग आता का विचारतेस?”

मी सांगितलं. सेक्टर वगैरे नाही, एवढंच की तेवढं नाव पुसलं गेलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिच्या दौतीचं तेवढंच सांगितलं का मी? पुढचं नाही सांगितलं?” मी म्हटलं, थांब, आणि तिला विचारून मुद्रण सुरू केलं. ती बावन्न मिनिटं बोलली. कुसुमची सातवीनंतर शाळा सुटली हे मला त्या दिवशी कळलं, आणि आत्या पुढे दोन वर्षं तिला आपली वह्या-पुस्तकं नेऊन द्यायची हेही.

फोन ठेवल्यावर मी ते सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मग जुन्या चौथ्या फायलीच्या शेजारी एक साधी मजकुराची फाइल तयार केली आणि तिच्यात एक ओळ लिहिली: २३ मि. ४१ से., ‘कुसुम’.